ज्याला जी विद्या आवडेल ती

इ.स. १८०१ मध्ये तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला एक सविस्तर पत्र पाठवले. विषय होता छत्रांचा. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा आणि अन्नछत्रे बांधली होती, त्यांतली बरीचशी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावाने. प्रवाशाला जेवण मिळते, आजाऱ्याला वैद्य मिळतो, असे सांगत सांगत पत्र पोरक्या मुलांपाशी येते. अशी मुले छत्रात आली की पंतोजींच्या हवाली केली जातात. दिवसातून तीनदा त्यांना जेवू घालतात. दर चार दिवसांनी तेल लावतात. दुखले-खुपले तर औषध देतात, अंगाला कपडे देतात. ज्याला जी विद्या आवडते असे तो सांगेल ती त्याला शिकवतात. आणि ती पुरेशी हाती आली की त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रच उचलते.

हायस्कुलातल्या मुलांना करिअरचे नियोजन आणि जीवनकौशल्ये शिकवण्याच्या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या शिक्षकांचे, समुपदेशकांचे आणि संशोधकांचे स्वागत करताना मला सगळ्यात आधी हे पत्र त्यांच्या हाती द्यावेसे वाटते. ते जपूनच वाचायला हवे. दोनच वर्षांपूर्वी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि ठरलेली नेमणूक एवढेच उरले होते. आता छत्रांचे उत्पन्नही जाते की काय, या धास्तीतून हे पत्र लिहिले गेले. अनुदान वाचवण्यासाठी लिहिलेल्या कागदात सगळे गोडच असते, हे संस्थाचालकांना मी काय सांगावे! छत्रातल्या प्रत्येक पोराला आठवड्यातून दोनदा तेल मिळत असेलच, अशी पैज मी लावणार नाही. पण चांगली व्यवस्था कशी असावी याची त्या काळच्या तंजावरच्या दरबारातली कल्पना काय होती, ते या पत्रातून स्वच्छ कळते. त्या कल्पनेत मुलाची आवड आणि मुलाचे जेवण एकाच परिच्छेदात येतात.

आपल्या विषयाची पाठ्यपुस्तके इतिहास सुरू करतात तो बॉस्टनपासून. फ्रँक पार्सन्सने १९०८ मध्ये तिथे व्यवसायमार्गदर्शनाची कचेरी उघडली आणि त्याच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्याचे पुस्तक निघाले. त्याची मांडणी तीन कलमांची आहे: स्वतःला ओळखा, कामांची दुनिया ओळखा, आणि या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी हा सांगाडा फारसा हललेला नाही. आजच्या कलचाचण्या, करिअर पोर्टले, मार्गदर्शन मेळावे सगळे याच तीन खुंट्यांवर टांगलेले असतात. पार्सन्सला मी कमी लेखत नाही. स्थलांतरितांच्या आणि कारखान्यांच्या त्या शहरात, बाप करतो तेच काम मुलाने का करावे, हा प्रश्न विचारणे मोठीच गोष्ट होती. पण त्याच्या तीन कलमांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. निवड करून ती पार पडेपर्यंतची चार-सहा वर्षे मुलाच्या पोटाला कोण घालणार? छत्राच्या पत्रात हे चौथे कलम आहे, आणि पहिल्या तिन्हींच्या आधी आहे. या प्रस्तावनेत माझे म्हणणे एवढेच आहे: आवड विचारणाऱ्याने त्या आवडीच्या खर्चाची गोष्टही त्याच बैठकीत काढली पाहिजे. नाहीतर त्याने विचारूच नये.

तमिळनाडूला हे चौथे कलम आपल्यापेक्षा बरे कळले आहे, असे माझे मत आहे. मुख्यमंत्री कामराजांच्या काळातले शाळेतले जेवण, १९८२ मध्ये एम.जी.आर. यांनी वाढवलेली पौष्टिक आहाराची योजना, २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत सुरू झालेली सकाळची न्याहारी ही एकच परंपरा आहे. त्याच वर्षी १ मार्चला ‘नान मुदल्वन’ ही कौशल्य आणि करिअर मार्गदर्शनाची योजना सुरू झाली, आणि सप्टेंबरात ‘पुदुमै पेण’. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकून पुढे कॉलेजात गेलेल्या मुलीला महिन्याला १००० रुपये. या दोन योजना कागदावर वेगळ्या खात्यांच्या आहेत. मुलीच्या घरी मात्र दोहोंचा हिशेब एकाच वेळी होतो. मार्गदर्शन करणाऱ्या बाईंना पहिल्या योजनेची खडान्‌खडा माहिती आणि दुसरीचा अर्ज कुठे मिळतो ते ठाऊक नाही, असे झाले तर सगळे मुसळ केरात.

निवडीचा खरा क्षण तिथे येतो दहावीनंतर, अकरावीचा ‘ग्रुप’ घेताना. आपल्याकडे ‘सायन्स की कॉमर्स’ म्हणतात, तिकडे ‘फर्स्ट ग्रुप’. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही असलेला हा ग्रुप म्हणजे पहिल्या पंगतीचे पान. त्याखाली कॉम्प्युटर सायन्स, मग कॉमर्स, आणि सगळ्यात शेवटी व्होकेशनल. दहावीला ५०० पैकी किती पडले त्यावरून शाळा पाने वाढते. तमिळनाडूने इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा २००७ पासून बंद केली. बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो, म्हणून ग्रुप चुकला की वाट चुकली. वैद्यकीयला नीट आहे, आणि सरकारी शाळांतल्या मुलांसाठी २०२० पासून ७.५ टक्के जागा राखीव आहेत. ही माहिती पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत नववीत पोचली तर तिला अर्थ आहे. दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात रांग लागलेली असताना पोचली, तर ती माहिती नव्हे, सांत्वन.

सरफोजीराजांच्याच नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात डोंगरातून उतरलेली, देशोदेशी हिंडलेली एक बाई येते, विरहिणी नायिकेचा हात बघते आणि तुझा प्रियकर तुला मिळेल असे भविष्य सांगते. लोकांना हा प्रवेश तोंडपाठ असायचा. राजांनी या ओळखीच्या चौकटीत भलतेच भरले. त्यांची कुरवंजी पदांमधून पृथ्वीचा भूगोल सांगते: खंड, देश, समुद्र. हातावरच्या रेषा बघायला आलेली बाई जगाचा नकाशा उलगडून बसते.

मी हे नाटक आपल्या क्षेत्राचे आद्य पुस्तक मानतो. थोडी गंमत आहे यात, पण सगळी गंमत नाही. आई-बाप मुलाला घेऊन समुपदेशकाकडे येतात ते बहुतेक वेळा भविष्य ऐकायला. “ह्याचं काय होईल ते सांगा.” आणि समुपदेशकही चाचणीचा रंगीत अहवाल पुढे सरकवून ज्योतिषाच्या आवाजात बोलू लागतो. इंजिनिअरिंगला ७२, ललितकलेला ४१. सोळाव्या वर्षाच्या एका सकाळी, अर्धवट झोपेत दिलेल्या उत्तरांची ही बेरीज. चाचण्या टाकाऊ नाहीत. नीट घेतलेल्या चाचणीतून मुलाशी बोलायला चांगला विषय मिळतो. मात्र त्या बोलण्याचा शेवट नकाशाकडे जायला हवा. जगात कामे किती, कुठे, कोण करते, किती पैसे मिळतात, शिकायला किती वर्षे लागतात.

नकाशा म्हणजे काय, ते कावेरीच्या खोऱ्यातच दाखवता येते. ओरत्तनाडच्या आसपासच्या एखाद्या हायस्कुलात नववीच्या वर्गाला एकच काम द्यावे: शेतापासून ताटापर्यंत भाताला किती माणसांचे हात लागतात, त्यांची यादी करा. मुले आधी पाच-सहा नावे सांगतात. शेतकरी, मजूर, ट्रॅक्टरवाला, गिरणीवाला, दुकानदार, आई. मग शिक्षकाने एकेक दार उघडायचे. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडायचा रिवाज आहे. ते सोडायचे की नाही हे ठरवायला किती पाणी साठले ते मोजणारे कोण? कुरुवै, सांबा, ताळडी या हंगामांसाठी कमी दिवसांचे नि जास्त दिवसांचे बियाणे तयार करणारे कोण? कापणीचे यंत्र भाड्याने देणारा ते स्वतःच्या पैशाने घेतो की कर्जाने, आणि बिघडले तर दुरुस्तीला कोण येते? सरकारी खरेदी केंद्रावर भाताच्या राशीत ओलावा मोजायचे यंत्र खुपसतात. १७ टक्क्यांच्या वर काटा गेला की रास परत. पावसाळी वर्षी त्या काट्यापाशी शेतकऱ्याचा सगळा हंगाम अडकतो, म्हणून ही मर्यादा वाढवून द्या अशी मागणी राज्य सरकार केंद्राकडे करते. तो काटा बनवणारा, दुरुस्त करणारा, तो खरा की खोटा हे तपासणारा, मर्यादा ठरवणारा अधिकारी, ती वाढवून मागणारा वकील किंवा पुढारी, बातमी देणारा वार्ताहर. तंजावर शहरातच अन्नप्रक्रियेची राष्ट्रीय संस्था आहे, निफ्टेम. तिथे भात वाळवण्यावर संशोधन करणारी शास्त्रज्ञ. फळा भरतो, मुलांचे हात खाली येत नाहीत.

त्या यादीतली प्रत्येक गोष्ट मुलांनी पाहिलेली असते. फक्त ती ‘काम’ म्हणून कोणी दाखवलेली नसते. वापी-तळोज्याच्या केमिकल पट्ट्यात, कोकणातल्या बंदरावर, सोलापूरच्या चादरींच्या गल्लीत हीच कसरत तिथल्या वस्तूवर करता येईल. एवढेच की शिक्षकाला आधी स्वतः तिथे जाऊन उभे राहावे लागते, आणि ते कुठल्याही पोर्टलवर होत नाही.

आता थोडे सरफोजींच्या स्वतःच्या करिअरविषयी. १७७७ चा जन्म, दहाव्या वर्षी तुळजाजीराजांनी दत्तक घेतले, ते वारताच गादी अमरसिंहांकडे गेली आणि हे पोर वाऱ्यावर आले. मिशनरी ख्रिश्चन श्वार्ट्‌झ त्यांचा पालक झाला, पुढे जिवाच्या भीतीने त्यांना मद्रासला हलवले. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी राज्य गेले. राज्य करण्यासाठी शिकलेला तरुण, वय बावीस, आणि करायला राज्य नाही. आजच्या भाषेत, कोर्स पूर्ण होताच ते क्षेत्रच बंद पडले. या माणसाने पुढची तीसेक वर्षे काय केले? सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. देशोदेशीचे ग्रंथ मागवून त्यांवर इंग्रजीत सही केली. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. देवनागरी छापखाना काढला. ‘नवविद्याकलानिधी’ नावाने शाळा चालवली. ज्या श्वार्ट्‌झने त्यांना घडवले त्याचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समनकडून करून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

मुलांना ही गोष्ट सांगताना राजाचा थाट गाळून सांगावी. नोकरी जाते, धंदा बुडतो, यंत्र येते, सरकार बदलते. एका विद्येवर सगळी भिस्त ठेवणारा तेव्हा उघडा पडतो. सरफोजींच्या हाताशी भाषा होत्या, वाचनाचा नाद होता आणि परक्या माणसांशी बोलायची सवय होती. त्यांनी या तिन्हींचा धंदा केला नाही, कारण नेमणूक येत होती. पोटाचा प्रश्न सुटलेला असला की माणूस किती गोष्टी करून बघतो, याचाही तो पुरावा आहे. पुन्हा ते चौथे कलम.

ज्यांना नेमणूक नव्हती त्यांची वाट वेगळी. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, वारस नाही म्हणून कंपनीने संस्थानच संपवले आणि दरबाराच्या आश्रयाने जगणाऱ्या मराठी घरांचा आधार तुटला. त्यांतल्या काहींनी फार आधीच दुसरी पायरी धरून ठेवली होती. श्वार्ट्‌झने १७८० च्या दशकात तंजावर, रामनाड आणि शिवगंगा इथे इंग्रजी शाळा काढल्या होत्या. मराठी हिशेब आणि इंग्रजी पत्रव्यवहार दोन्ही जमणाऱ्या माणसाला महसूल खात्यात मान होता. तमिळ लोक ज्यांना ‘रायर’ म्हणतात त्या तंजावरी देशस्थांतून त्रावणकोर, इंदूर, बडोद्याचे दिवाण निघाले ते या जोडविद्येच्या बळावर.

त्यांतले सर्वांत नामांकित टी. माधवराव. जन्म कुंभकोणमचा, १८२८. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल साहेबांच्या हाताखाली शिकले, १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, पुढे तिथलेच दिवाण. त्यानंतर इंदूर, आणि १८७५ पासून बडोदे. बडोद्याला त्यांच्या पुढ्यात आला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा. त्याचे करिअर एका दिवसात ठरले होते, आवड कोणी विचारली नव्हती. हाच सयाजीराव गायकवाड. वाचन-लेखन इलियट साहेबांनी शिकवले; कारभार हाती येण्याच्या आधी, १८८१ मध्ये, माधवरावांनी त्याच्यापुढे व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ नावाने छापली गेली. राजाने कोणते काम स्वतः करावे, कोणते दुसऱ्यावर सोपवावे, सल्लागार कसे पारखावे, खर्चाला मर्यादा कशी घालावी, हे सगळे प्रजेच्या सुखाशी जोडून सांगितलेले. अठरा वर्षांच्या मुलाला जीवनकौशल्ये शिकवण्याचा याहून सविस्तर एकोणिसाव्या शतकातला भारतीय नमुना माझ्या पाहण्यात नाही. राजाचा ‘राजा’ काढून तिथे ‘दुकानदार’ किंवा ‘शाखाप्रमुख’ घातले तरी बरेच काही टिकते. शिकवण्याची वेळही बघा: जबाबदारी डोक्यावर येऊन पडायच्या आधी, पण ती येणार हे मुलाला दिसू लागल्यावर.

जीवनकौशल्ये म्हटले की जागतिक आरोग्य संघटनेची दहाची यादी पुढे येते. निर्णय, प्रश्नांची सोडवणूक, सर्जक आणि चिकित्सक विचार, संवाद, माणसांशी संबंध, आत्मभान, समानुभूती, भावना आणि ताण सांभाळणे. यादी चांगली आहे. ती आरोग्याच्या दारातून आली, १९९० च्या दशकात, मुलांच्या मानसिक आरोग्याची काळजी करता करता. हे आपण विसरतो आणि तिचा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ करून टाकतो. मग वर्गात टाय बांधलेला पाहुणा येतो आणि हस्तांदोलन कसे करावे ते शिकवतो. तंजावरच्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ निघाले, सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी. कोल्हा, करकोचा, सिंह, उंदीर. फसवणूक कशी ओळखावी, दुबळ्याने बलवानाशी कसे वागावे, खुशामतीला किती भुलावे, एवढे तरी त्यात आहे. टायवाल्याच्या तासापेक्षा मी तो तास निवडीन.

महाराष्ट्रात आपण काय केले? कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारला १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, ‘कमवा आणि शिका’ रुजवले. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून डॉ. कलबागांनी हायस्कुलातल्या मुलांना आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वीज, शेती, रक्तगट तपासणी असल्या कामांना लावले. मुलांनी गावासाठी खरे काम करायचे आणि त्याचा हिशेब ठेवायचा. २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या लाखो मुलांची कलचाचणी सुरू केली. तिन्हींत मला पाबळ सर्वांत मोलाचे वाटते. वेल्डिंगचा डोळ्याला त्रास होतो की मजा येते, हे प्रश्नपत्रिकेवर टिक करून कळत नाही.

छत्राकडे परत बघताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. ओरत्तनाडचे छत्र मुक्तांबाळच्या नावाचे, नीडामंगलमचे यमुनांबाळच्या नावाचे. नावे बायकांची आणि बाकांवर मुलगे. वेद शिकवायला पंडित होते, ते कोणाला शिकवत होते हे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्यात शाळांची जी पाहणी झाली तिच्यात मुलींची संख्या जवळपास नगण्य आहे. म्हणजे ‘ज्याला जी विद्या आवडेल ती’ हे वाक्य लिहिताना दरबाराच्या डोळ्यांपुढे ठरावीक मुलेच असणार. आजचा मार्गदर्शकही हेच करतो, नकळत. मुलगी म्हणाली, मला मेकॅनिक व्हायचेय, तर तो हसून पुढच्या मुलाकडे वळतो. कळवा-मुंब्र्याच्या वस्तीतल्या मुलाला आयटीआय आणि कोथरूडच्या मुलाला आयआयटी सुचवतो, दोघांचे गुण सारखे असले तरी. आपण कोणाला किती पर्याय बोलून दाखवले, याची नोंद प्रत्येक समुपदेशकाने वर्षभर ठेवावी आणि वर्षाअखेर ती जात, लिंग आणि पत्त्यानुसार मांडून बघावी. बघवत नाही ती.

संशोधकांसाठी शेवटचे. तंजावर दरबाराच्या मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, ग्रंथालयांत आणि विद्यापीठात आहेत. त्यांतल्या काही कागदांचा तमिळ अनुवादही झाला आहे. छत्रांच्या हिशेबांचे कागद या दृष्टीने वाचायला हवेत: तेलाला किती खर्च पडला, पंतोजींना किती पगार, लग्नांना किती रक्कम लागली, आणि मुख्य म्हणजे कोणत्या विद्येच्या शिक्षकाला किती काळ नेमले. पत्रात सांगितलेले आणि वहीत लिहिलेले ताडून पाहिले की राजांचे शब्द किती खरे ते उघड होईल. त्यासाठी मोडी वाचणारे, तमिळ जाणणारे आणि शिक्षणशास्त्राची ओळख असलेले माणूस लागते. या तिन्ही गोष्टी एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम कुठल्या पोर्टलवर दिसणार नाही. नववीतल्या एखाद्या मुलीला जुन्या अक्षरांचा नाद असेल, तर तिला हे कामही जगात आहे असे जरूर सांगा, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज सोबत ठेवा.